'पिक अप' नीट समजून घ्या: उचलण्यापासून उचल खाण्यापर्यंत

पिक अप हा शब्द आपल्याकडे इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही माहीत असतो. पहाटे मार्केट यार्डात भाजीचे क्रेट घेऊन येते ती पिकअप, सेकंडहँड बाईक बघताना आपण पहिलं विचारतो तो तिचा पिकअप, आणि कंपनीच्या कॅबचा मेसेज येतो तो "पिकअप ७.१५". म्हणजे शब्द रोज तोंडात आहे. पण इंग्रजीत वाक्य करायची वेळ आली की हमखास "आय विल पिक यू ॲट एट" नाहीतर "ही इज नॉट पिकिंग माय कॉल" असं निघतं, आणि दोन्हीत तो छोटासा 'अप' गळालेला असतो.

मी संध्याकाळी पुण्यात स्पोकन इंग्लिशचा छोटा क्लास घेते. क्लासमध्ये फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे क्रियापद आणि त्याला चिकटलेला छोटा शब्द अशा जोडीचा, धडा आला की मुलं वही काढून अर्थांची यादी मागतात. एक उचलणे, दोन घ्यायला जाणे, तीन शिकणे, चार सुधारणे... यादी पाठ होते आणि बोलताना एकही आठवत नाही. म्हणून मी यादी द्यायची सोडली. आता एकच फ्रेझल व्हर्ब घेते आणि तो पूर्ण अंगवळणी पडेपर्यंत दुसरा घेत नाही. पहिला नंबर पिक अपचा, कारण यातले निम्मे अर्थ आपल्या 'उचलणे' मध्ये आधीपासून आहेत, फक्त आपण कधी शेजारी ठेवून बघितलेले नसतात.

सगळ्यात आधी भीती काढून टाका. क्रियापदाला एक छोटा शब्द चिकटला की अर्थ बदलतो ही काही इंग्रजांची खास खोडी नाही. आपण "बोलून टाक", "बोलून दाखव", "बोलून बसला" असं दिवसभर बोलतो, बोलणं तेच पण टाक, दाखव, बस यांनी प्रत्येक वेळी वेगळा रंग येतो, आणि हे आपल्याला कोणी तक्ता करून शिकवलं नव्हतं, कानावर पडून आलं. इंग्रजीत ते काम अप, ऑफ, आउट, ऑन हे शब्द करतात. फ्रेझल व्हर्ब हे नाव तसं अलीकडचं, लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने ते १९२५ मध्ये छापात वापरलं, पण असली क्रियापदं त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडात होती.

पहिली पायरी: डोळ्यासमोर चित्र आणा

जमिनीवर रुमाल पडलाय, तुम्ही वाकता, बोटांनी धरता, वर घेता. हे पिक अप. यात तीन गोष्टी आहेत, वस्तू कुठेतरी पडून किंवा थांबून आहे, आपण तिथे पोचतो, आणि ती आपल्याकडे येते. बाकीचे जवळजवळ सगळे अर्थ या तीनपैकी कुठल्या तरी एका गोष्टीला धरून निघालेत. स्टेशनवर मावशी थांबलीये, तुम्ही गाडी घेऊन जाता, ती गाडीत बसते, "आय पिक्ट अप माय आंट फ्रॉम द स्टेशन". दुकानात दूध आहे, घरी येताना जाता जाता घेतलं, "आय पिक्ट अप सम मिल्क". आजूबाजूला भाषा तरंगतेय, क्लास न लावता ती तुमच्याकडे आली, "आय पिक्ट अप सम कन्नड इन बेळगाव". हवेत रेडिओच्या लहरी आहेत, सेटने त्या पकडल्या, "द रेडिओ पिक्ट अप अ स्टेशन". गिटारच्या तारांखाली जो भाग तारेचं कंपन पकडून ॲम्प्लिफायरकडे पाठवतो त्यालाही पिकअपच म्हणतात, तो याच हिशोबाने.

आणि आजार. "आय पिक्ट अप अ कोल्ड ऑन द ट्रेन". आपण सर्दी 'उचलत' नाही, आपल्याला ती होते किंवा लागते, पण चित्र बघा, ट्रेनमध्ये सर्दी कुठेतरी होती आणि येताना ती तुमच्याबरोबर घरी आली. कानाला आधी विचित्र वाटतं, चित्र दिसलं की वाटत नाही.

वाईट सवय, बोलण्याची ढब, एखाद्याची लकब, हेही पिक अप होतं. इथे मराठी तंतोतंत जुळतं, "पोरानं आजोबांची लकब बरोब्बर उचललीये". मुद्दाम बसून, फी भरून, पुस्तक घेऊन जे शिकता त्याला मात्र पिक अप म्हणू नका, तिथे साधं लर्न. डॉक्टरी कोणी पिक अप करत नाही.

दुसरी पायरी: 'इट' कुठे बसवायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबू. नाव असेल, म्हणजे फोन, बॅग, मुलं असं काही, तर ते दोन्हीकडे चालतं. "पिक अप द फोन" बरोबर, "पिक द फोन अप" पण बरोबर. पण सर्वनाम असेल, इट, देम, हिम, हर, मी, यू, अस, तर ते फक्त मधेच. "पिक इट अप". "पिक अप इट" हे इंग्रजी कानाला इतकं खटकतं की समोरचा माणूस क्षणभर अडखळतो. म्हणून "आय'ल पिक यू अप", "शी पिक्ट मी अप", "कॅन यू पिक देम अप?"

नाव लांबलचक असेल तर ते शेवटी टाका. "पिक अप द ब्लू बॅग दॅट युवर ब्रदर लेफ्ट हिअर" हे ठीक, पण एवढं सगळं मधे घालून शेवटी अप आणलंत तर ऐकणारा अपची वाट बघत बसतो.

काही अर्थांमध्ये पुढे कर्म येतच नाही. "द विंड पिक्ट अप", वारा वाढला. "सेल्स आर पिकिंग अप". "आय कॉल्ड ट्वाइस, नोबडी पिक्ट अप". फोनच्या बाबतीत हे शेवटचं वाक्य घोटून घ्या, कारण "पिकिंग माय कॉल" च्या जागी तेच हवं. "ही इज नॉट पिकिंग अप", संपलं, कॉल शब्द घालायची गरजच नाही. कॉल घालायचाच असेल तर "आन्सरिंग माय कॉल" म्हणा.

अप गाळला तर बिघडतं काय? पिक एकटा आला की त्याचा अर्थ निवडणे किंवा तोडणे, फूल तोडणे, द्राक्षं खुडणे. "आय विल पिक यू" म्हणजे मी तुझी निवड करीन, टीममध्ये घेईन. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री ऐकत असाल तर फरक लगेच पटेल. "ही पिक्ट अप टू विकेट्स" म्हणजे दोन विकेट काढल्या, आणि "ही कुडन्ट पिक द गुगली" म्हणजे फलंदाजाला गुगली ओळखताच आली नाही, तिथे अप नाही कारण तिथे ओळखणं आहे. पुढच्या मॅचला मुद्दाम कान देऊन ऐका.

तिसरी पायरी: तोंडातून काढा कसं

पिक, मग थांबून अप, असं कोणी बोलत नाही. दोन्ही चिकटतात, पिकप. मधे इट आलं की पिकिटप, एका दमात. भूतकाळात पिक्ड लिहिताना शेवटी ड दिसतो पण बोलताना ट होतो, पिक्ट, कारण आधी क आहे. म्हणून पिक्टप, आणि "पिक्ड इट अप" ऐकू येतं पिक्टिटप. 'पिकेड' म्हणायची सवय असेल तर ती आजच सोडा.

जोर कुठे द्यायचा हे कमी शिकवलं जातं. क्रियापद असेल तर जोर अपवर, "पिक यू अप". नाम असेल तर जोर पिकवर, "व्हॉट टाइम इज द पिकअप?" लिहितानाही तसंच, क्रियापद दोन शब्दांत, नाम जोडून. मेलमध्ये "आय विल पिकअप द पार्सल" असं जोडून सर्रास दिसतं, ते तोडून लिहा.

चौथी पायरी: उचल कुठे जुळते, कुठे नाही

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे 'उचलणे' ची मराठी वाक्यं लिहा जेवढी आठवतील तेवढी, आणि उजवीकडे इंग्रजीत काय होतं ते बघा.

फोन उचल, पिक अप. पोलिसांनी दोघांना उचललं, पिक अप. हॉटेलचं बिल मी उचलतो, "आय'ल पिक अप द बिल", हेही जमतं, अमेरिकेत बिलच्या जागी टॅब ऐकू येईल. आणि "दिवाळीच्या तोंडावर धंद्यानं उचल खाल्ली", यासाठी तर "बिझनेस पिक्ट अप बिफोर दिवाळी" यापेक्षा जवळचं वाक्य सापडणार नाही. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता, दोन भाषांनी एकमेकींना न विचारता मंदीतून वर येणाऱ्या धंद्याला जमिनीवरून वर येणाऱ्या वस्तूसारखंच बघितलं.

पण गाफील राहू नका. जुन्या दुखण्याने उचल खाल्ली तर पिक अप नाही, तिथे फ्लेअर अप. बँकेचं कर्ज उचललं, पिक अप नाही, "टुक आउट अ लोन". ऊसतोडीला निघताना टोळी मुकादमाकडून उचल घेते ती ॲडव्हान्स. पाऊल उचललं, टुक अ स्टेप. बायकोवर हात उचलला, रेझ्ड हिज हँड. विडा उचलला, टुक अप द चॅलेंज, म्हणजे अप राहिला पण पिक गेला. आणि दुसऱ्याचा मजकूर उचलला, म्हणजे उचलेगिरी, त्याला इंग्रजीत लिफ्ट म्हणतात, दुकानातली चोरी शॉपलिफ्टिंग होते ती त्याच लिफ्टवरून. 'लिफ्ट द फोन' आपल्याकडे बरेच जण म्हणतात, पण पिक अप जास्त सहज.

उलटीकडूनही बघा, जिथे इंग्रजीत पिक अप आहे आणि मराठीत उचल नाही. ट्रेनने वेग घेतला, "द ट्रेन पिक्ट अप स्पीड". मोबाईल रेंज पकडत नाही, "माय फोन कान्ट पिक अप अ सिग्नल". आणि मागच्या वेळी जिथे सोडलं तिथून पुढे, म्हणजे आपलं मागील पानावरून पुढे चालू, "लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ". हे वाक्य मीटिंगमध्ये इतकं लागतं की ते जसंच्या तसं पाठ केलं तरी चालेल, एवढं एकच.

बाईकच्या पिकअपचं काय? आपल्याकडे ते पक्कं रुळलंय आणि आपसात खुशाल वापरा, पण बाहेरच्या माणसाशी बोलताना ॲक्सिलरेशन म्हटलं की गैरसमज होत नाही.

पाचवी पायरी: ऑफिस आणि परदेश

माझी भाची आयटीत नवीन लागली तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात कॉलवर परदेशातला मॅनेजर म्हणाला, "कॅन यू पिक धिस अप टुमॉरो?" तिला वाटलं कुठून तरी काहीतरी आणायचंय, आणि विचारायला संकोच वाटला म्हणून ती येस म्हणाली आणि रात्रभर काळजी करत बसली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे काम उद्या तू हातात घे. ऑफिसच्या भाषेत पिक अप म्हणजे पडून असलेलं काम आपल्या अंगावर घेणं, "आय'ल पिक अप धिस टिकेट", टिकेट म्हणजे नोंदवून ठेवलेलं काम. "लेट्स पिक धिस अप ऑफलाइन" म्हणजे या विषयावर नंतर, मीटिंगच्या बाहेर बोलू. तिला हे कोणी आधी सांगितलं असतं तर ती एक रात्र नीट झोपली असती, म्हणून मी आता क्लासमध्ये नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला हे दोन वापर आधी सांगते.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईबाबांसाठी पण थोडं. पार्कमध्ये पाटी दिसेल, "प्लीज पिक अप आफ्टर युवर डॉग". पिक अप आफ्टर म्हणजे कोणीतरी केलेली घाण किंवा पसारा मागून आवरणे, म्हणजे कुत्र्याची घाण तुम्ही उचला. घरात आई मुलांना वैतागून म्हणते, "आय'म टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू", तेही हेच. औषधाच्या दुकानातून मेसेज येतो "रेडी फॉर पिकअप", म्हणजे औषधं तयार आहेत, येऊन घेऊन जा, ते घरी आणून देणार नाहीत. नातवाच्या शाळेत "पिक-अप टाइम" म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं ताब्यात घ्यायची वेळ.

एक अर्थ जपून. "ही पिक्ट हर अप ॲट अ बार" मध्ये ओळख काढून जवळीक साधण्याचा अर्थ येतो, पिक-अप लाइन म्हणतात ती त्यातलीच. म्हणून माणसाबद्दल बोलताना ठिकाण किंवा वेळ घाला, फ्रॉम द एअरपोर्ट, आफ्टर स्कूल, ॲट सिक्स, की अर्थ स्वच्छ राहतो. उगाच घाबरून शब्दच टाळू नका, आईला स्टेशनवरून पिक अप करण्यात काहीही वावगं नाही.

अर्ज, बँकेचं पत्र, परीक्षेतला निबंध, इथे जरा औपचारिक शब्द शोभतात. चेकबुक घ्यायला येतो तर कलेक्ट, काम पुन्हा सुरू केलं तर रिझ्यूम, परिस्थिती सुधारली तर इम्प्रूव्ह. बोलताना मात्र हेच शब्द जड होतात.

सहावी पायरी: चुलतभावंडांशी गफलत नको

पिक ऑन म्हणजे एखाद्याला धरून त्रास देणे, "द बिग बॉइज पिक ऑन हिम". पिक आउट म्हणजे गर्दीतून ओळखणे किंवा निवडून काढणे, साडीच्या दुकानात शंभर साड्यांतून एक काढता ते. आणि पिक अप ऑन म्हणजे न बोललेली गोष्ट लक्षात येणे. "शी पिक्ट अप ऑन हिज मूड" म्हणजे त्याचं बिनसलंय हे तिनं बरोबर ओळखलं. या शेवटच्यातला ऑन विसरू नका, लोक हमखास विसरतात.

सातवी पायरी: एक दिवस घ्या आणि त्यात वापरा

सरावासाठी मी तक्ता देत नाही, स्वतःचा एक दिवस लिहायला लावते. क्लासमधला एक मुलगा लोहगाव विमानतळावर कॅब चालवतो, दहावीनंतर शिक्षण सुटलेलं. त्याला म्हटलं तुझ्या कालच्या दिवसात पिक अप किती वेळा घडलं ते लिही. आधी म्हणाला एकदाच, पॅसेंजरला घेतलं ते. मग आम्ही शेजारी बसून पहाटेपासून सुरुवात केली.

अलार्म वाजला, फोन खाली फरशीवर होता, "आय पिक्ट इट अप". जाताना वडापाव घेतला, "आय पिक्ट अप अ वडापाव". पॅसेंजरला फोन लावला, "ही डिडन्ट पिक अप". मग पाच मिनिटांनी त्याचाच आला, "आय'म हिअर टू पिक यू अप, सर". ट्रॅफिकमधून सुटल्यावर गाडीने वेग घेतला, "वी पिक्ट अप स्पीड". पुढे पावसाआधीचा वारा सुटला, "द विंड पिक्ट अप", आणि मॅप बंद पडला कारण फोनला सिग्नल मिळेना, तेही पिक अप. हिंजवडीला उतरताना पॅसेंजरने टोलचे पैसे स्वतः दिले, "ही पिक्ट अप द टोल". इथपर्यंत आठ झाले होते आणि दुपारसुद्धा झाली नव्हती.

मग तो म्हणाला मॅडम अजून एक आहे. उतरताना त्या माणसाने विचारलं होतं, "व्हेअर डिड यू पिक अप युवर इंग्लिश?" त्याला तेव्हा प्रश्न कळला नव्हता, त्याला वाटलं घ्यायला कुठे यायचं असं विचारतोय, म्हणून त्याने विमानतळाच्या पार्किंगचं नाव सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यानेच पेन घेतलं आणि नववी ओळ लिहिली, "आय पिक्ट इट अप फ्रॉम माय पॅसेंजर्स". इट मधे, अप शेवटी, ट पण बरोबर म्हटला.

तुम्हीही आज रात्री असाच स्वतःचा दिवस लिहा, उठल्यापासून. वाक्य लिहिलं की मोठ्याने म्हणा, सर्वनाम मधे आहे का बघा, अप गळलाय का बघा. घरातून निघणारी गृहिणी असो की कॉलेजचा पोरगा, सहा-सात तरी निघतातच. तीन दिवस लागोपाठ केलं की पहिल्या दिवशीची वाक्यं वहीत न बघता येतात, मग पुढचा फ्रेझल व्हर्ब घ्या. माझ्या क्लासमध्ये पिक अपनंतर पुट ऑफ असतो.